पेसमेकरचे बिल कसे वाचावे

डॉक्टर ‘पेसमेकर बसवावा लागेल’ म्हणाले की घरातला कर्ता माणूस व्हरांड्यात येऊन दोन-चार फोन लावतो. मावसभावाच्या सासऱ्यांना पुण्यात सव्वा लाखात बसवला, ठाण्याच्या शेजारीणबाईंना सव्वातीन लाख लागले, कोणी थेट दहा लाखांचा आकडा सांगतो. ऐकणाऱ्याला वाटते, यातले कोणीतरी नक्की लुटले गेले. तसे असेलच असे नाही. तिन्ही आकडे रास्त असू शकतात. पेसमेकर या एकाच नावाखाली पाच-सहा वेगळी यंत्रे बसवली जातात आणि खर्चाचा मोठा वाटा यंत्र कोणते यावर ठरतो. रुग्णालय, शहर आणि कंपनी यांचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून ‘किती खर्च येईल?’ हे विचारण्याआधी ‘कोणते यंत्र, आणि तेच का?’ हे विचारावे.

त्याच्याही आधी एक खात्री करून घ्यायची असते. नाडी चाळिशीत आली म्हणजे यंत्र लागणारच, असा नियम नाही. मेटोप्रोलोल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन अशा गोळ्यांनी नाडी मंदावते. मूत्रपिंड बिघडून रक्तातले पोटॅशियम वाढले किंवा थायरॉइड मंद झाली तरी तेच होते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा वयस्कर माणसाची नाडी उतरवू शकतात, आणि ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारल्यावर घरच्यांना डोळ्यांचे थेंब सहसा आठवत नाहीत. तेव्हा सगळी औषधे, थेंबांच्या बाटलीसकट, पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि कारण औषधाचे तर नाही ना, हे सरळ विचारा. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

उलट पूर्ण हार्टब्लॉक होऊन माणूस चक्कर येऊन पडत असेल, तर गावभर भाव काढत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून तात्पुरता पेसमेकर लावतात. तो लागला की धोका टळतो आणि विचाराला एक-दोन दिवस मिळतात. खाली जे लिहिले आहे ते त्या एक-दोन दिवसांत करायचे.

खोक्यावरची अक्षरे

यंत्राचे भाग दोन. एक जनरेटर, म्हणजे टायटॅनियमची सीलबंद चपटी डबी. आत सर्किट आणि लिथियम बॅटरी. वॉर्डात या अख्ख्या डबीलाच ‘बॅटरी’ म्हणतात. गळ्याच्या हाडाखाली कातडी उघडून ती तिथे केलेल्या खिशात बसवतात. दुसरा भाग लीड, म्हणजे शिरेतून हृदयात सोडलेली वायर. हृदयात एक वायर असेल तर सिंगल चेंबर, वरच्या आणि खालच्या कप्प्यात एकेक असेल तर ड्युअल चेंबर.

खोक्यावर व्हीव्हीआय, व्हीव्हीआयआर, डीडीडी, डीडीडीआर असे काहीतरी छापलेले असते. ते वाचता येणे अवघड नाही. पहिले अक्षर यंत्र कोणत्या कप्प्याला ठोका देते ते सांगते, दुसरे यंत्र कोणत्या कप्प्याचा स्वतःचा ठोका ओळखते ते. व्ही म्हणजे खालचा कप्पा, ए म्हणजे वरचा, डी म्हणजे दोन्ही. तिसरे अक्षर, असा ठोका ओळखल्यावर यंत्राने काय करायचे याचे. शेवटी आर असेल तर माणूस चालू लागला, जिना चढू लागला की वेग वाढवणारा सेन्सर आत आहे.

सिंगल चेंबर यंत्र वायरीसकट साधारण चाळीस हजार ते लाखापर्यंत मिळते, ड्युअल चेंबर लाख ते दोन लाख. खाजगी रुग्णालयात त्यावर शस्त्रक्रिया, कॅथ लॅब, आयसीयू आणि खोली यांचे आणखी पन्नास हजार ते दीड लाख धरावेत. हे आकडे ढोबळ आहेत, शहर बदलले की हलतात.

आता स्वस्त की महाग? वरचा कप्पा कायमचा फडफडत असेल, म्हणजे परमनंट एट्रिअल फिब्रिलेशन असेल, तर त्या कप्प्यात वायर घालून काही साधत नाही. तिथे सिंगल चेंबर हेच योग्य यंत्र आहे, आणि कोणी ड्युअल सुचवत असेल तर कारण विचारायलाच हवे. पण वरचा कप्पा नीट चालत असताना फक्त पैसे वाचवायला एकच वायर घातली, तर दोन कप्प्यांचा मेळ बसत नाही आणि काही रुग्णांना यंत्र बसवूनही चक्कर, थकवा, मानेत धडधड असा त्रास सुरूच राहतो. ही बचत महागात पडते. आरचेही तसेच. साठीच्या हिंडत्याफिरत्या, शेतावर जाणाऱ्या माणसाला तो सेन्सर उपयोगी पडतो. जे आजोबा पलंग ते खुर्ची एवढेच चालतात, त्यांच्यासाठी त्याचे जादा पैसे मोजायचे का, हे जरूर विचारावे.

याच्या वरची पायरी आयसीडीची. पेसमेकर मंद नाडी सावरतो. आयसीडी नाडी जीवघेण्या वेगाने धावू लागली तर आतून शॉक देऊन ती थांबवतो. किंमत दोन-अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत जाते. ज्यांना असा झटका एकदा येऊन गेला आहे त्यांच्या बाबतीत फार वाद नसतो. वाद असतो तो ‘पुढे येऊ नये म्हणून’ बसवायला सांगतात तेव्हा. इकोच्या रिपोर्टवर ईएफ, म्हणजे हृदयाची पंपिंगची ताकद, ३५ टक्के किंवा त्याहून कमी, हा त्याचा नेहमीचा निकष. पण हार्ट अटॅकनंतर निदान ४० दिवस जाऊ द्यावेत, योग्य औषधांवर तीनेक महिने काढावेत आणि मग इको पुन्हा करून ठरवावे, असा जगभरचा शिरस्ता आहे. औषधांनी ईएफ वर आली तर यंत्राची गरजच संपते. अटॅकच्या ॲडमिशनमध्येच ‘आत्ताच आयसीडीही करून टाकू’ असे कोणी म्हटले आणि घातक झटका आलेला नसेल, तर दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचे मत घेण्याचे पाचशे-हजार रुपये ही चांगली गुंतवणूक आहे.

सीआरटी हे तीन वायरींचे यंत्र. हृदयाच्या डाव्या-उजव्या बाजू मागेपुढे धडकत असतील तर ते त्यांना एकत्र आणते. शॉकची सोय नसेल तर सीआरटी-पी, असेल तर सीआरटी-डी. सीआरटी-डी चार-पाच लाखांपासून पुढे. इथे रुग्णाच्या खिशाला खरा फरक पाडणारी एक गोष्ट गेल्या काही वर्षांत घडली आहे. हृदयाच्या स्वतःच्या वीजवाहिनीलाच वायर टोचून ठोका द्यायचा, ही ती पद्धत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सेअर गावी डॉ. प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांमध्ये हिस बंडलला, म्हणजे याच वीजवाहिनीला, कायमचा पेसमेकर जोडल्याचा अहवाल २००० साली प्रसिद्ध केला. तिचीच पुढची, बसवायला सोपी झालेली तऱ्हा म्हणजे लेफ्ट बंडल पेसिंग. काही रुग्णांमध्ये ड्युअल चेंबरच्या साध्या डबीवर सीआरटीचे काम तिने भागते आणि लाखांचा फरक पडतो. सर्वांना ती लागू पडत नाही, सगळीकडे तो हातही नसतो. पण सीआरटी-पीचे एस्टिमेट हातात पडले असेल तर ‘लेफ्ट बंडल पेसिंगने होईल का?’ एवढे विचारल्याशिवाय सही करू नये.

वायरच नसलेला लीडलेस पेसमेकर मोठ्या कॅप्सूलएवढा असतो आणि मांडीच्या शिरेतून थेट हृदयात सोडतात. किंमत सात-आठ लाखांच्या पुढे. डायलिसिसवर असलेल्या, शिरा बुजलेल्या किंवा खिशात पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग झालेल्या माणसासाठी तो मोलाचा आहे. छातीवर व्रण दिसू नये एवढ्यासाठी तो घेणे, हा माझ्या मते हौसेचा खर्च झाला.

एमआरआयला चालणाऱ्या यंत्राचे थोडे जास्त पैसे पडतात. सांधे, पाठ, मेंदू यांचे दुखणे उतारवयातच निघत असल्याने ते पैसे द्यावेत. मात्र डबी आणि वायरी, दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या हव्यात. डबी चालणारी आणि वायर साधी, तर तो संच एमआरआयसाठी मान्य धरला जात नाही.

एस्टिमेटची चिठ्ठी

काउंटरवरून मिळणाऱ्या चिठ्ठीवर अनेकदा एकच ओळ असते: ‘पीपीआय पॅकेज’, पुढे एक रक्कम. पीपीआय म्हणजे परमनंट पेसमेकर इम्प्लांटेशन. ही ओळ परत करा आणि फोड मागा. कंपनी, मॉडेलचे नाव, वरची अक्षरे, डबीची किंमत, प्रत्येक वायरीची किंमत, कॅथ लॅब, डॉक्टरांची फी, आयसीयूचे आणि खोलीचे दिवस, तपासण्या, औषधे. तात्पुरता पेसमेकर लावला असेल तर तो यात धरला आहे की वेगळा, हेही विचारा. आयसीयू सोडून खोलीचे भाडे दिवसाला पाच हजारांच्या वर गेले तर त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, हे चिठ्ठीत क्वचित दिसते आणि बिलात हमखास येते.

यंत्राच्या एमआरपीकडे जरा संशयाने पाहावे. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल मर्यादा घातली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांवर. पेसमेकरला अशी मर्यादा नाही. एप्रिल २०२० पासून एवढेच बंधन आहे की कंपनीला वर्षभरात एमआरपी १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणजे मुळात किती छापायची ते कंपनीच ठरवते. रुग्णालय यंत्र घेते ते छापील किमतीत घेत नाही, तेव्हा बोलणी करायला जागा असते. ‘याच कोडमध्ये दुसऱ्या कंपनीचे कितीला पडेल?’ हा प्रश्न त्यासाठी पुरेसा आहे. मेडट्रॉनिक, ॲबट, बोस्टन सायंटिफिक, बायोट्रॉनिक ही बाजारातली मोठी विदेशी नावे. मध्य प्रदेशात पिथमपूरला श्री पेसट्रॉनिक्स ही देशी कंपनीही पेसमेकर बनवते. कोणती कंपनी बरी हे आपल्याला ठरवता येणार नाही, पण डॉक्टरांच्या हाताला दोन-तीन कंपन्यांची सवय असते आणि त्यांतून निवड करता येते. बसवून झाल्यावर त्या कंपनीचा माणूस तपासणीला तुमच्या गावात येतो का, हे किमतीइतकेच महत्त्वाचे. सोलापूर-लातूरच्या रुग्णाला दर खेपेला पुण्याला यावे लागणार असेल तर तो खर्चही यंत्राचाच.

पैसे कोण देईल

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता जोडून चालतात. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे कवच आहे आणि शिधापत्रिकेचा रंग आता आडवा येत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, त्यावरही पाच लाख. पेसमेकरचे बहुतेक रुग्ण याच वयाचे असल्याने हे कार्ड आधीच काढून ठेवलेले बरे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते, नंतर बिल घेऊन गेल्यास उपयोग नाही. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी वरचे पैसे मागता येत नाहीत. कोणी मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर कळवा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे आणि बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या रहिवाशाने खाजगीत पैसे भरण्याआधी बांबोळीला विचारावे. केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठी सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेने यंत्राच्या प्रकारानुसार कमाल रकमा ठरवल्या आहेत. त्यावरचा फरक आपल्या खिशातून जातो, म्हणून मॉडेल ठरवतानाच ती रक्कम पाहून घ्यावी.

फार कमी लोक वापरतात ती वाट धर्मादाय रुग्णालयांची. मुंबई-पुण्यातली कित्येक नामांकित, चकचकीत रुग्णालये कागदोपत्री ट्रस्टची आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. पेसमेकरच्या दृष्टीने यातली कळीची तरतूद अशी की औषधे आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरायची, एमआरपीने नाही. निर्धन रुग्णाची ती रक्कम रुग्णालयाने बिलांतून बाजूला ठेवलेल्या निधीतून वळती होते. दुर्बल घटकातल्या रुग्णाला तिचा निदान निम्मा भाग भरावा लागतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन समाजसेवा विभागात जायचे, आणि तेही ॲडव्हान्स भरण्याआधी. ‘खाटा शिल्लक नाहीत’ हे उत्तर मिळाले तर ते लेखी मागा.

आरोग्य विमा असेल तर पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा पाहा. पाच हजारांची मर्यादा असताना दहा हजारांची खोली घेतली, तर विमा कंपनी डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया असे संबंधित खर्चही त्याच प्रमाणात कापू शकते. पण इम्प्लांट, औषधे, कन्झ्युमेबल्स आणि तपासण्या या कपातीतून विमा नियामकानेच वगळल्या आहेत. प्रत्यक्षात टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, सेटलमेंटमध्ये संपूर्ण बिलावर सरसकट निम्मी कात्री लागलेली दिसते आणि रुग्ण ‘पॉलिसीतच तसे असेल’ म्हणून गप्प बसतो. दोन लाखांच्या यंत्रावर ही कात्री लागली तर लाखाचा फटका आहे. लेखी हरकत घ्या. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यावी, असे नियामकाचे २०२४ चे आदेश आहेत. जुना आजार असेल तर प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो.

स्टिकर

यंत्राच्या खोक्यात मॉडेल आणि सीरियल नंबर छापलेले चिकटपट्टीचे स्टिकर असतात. डबीचे वेगळे, प्रत्येक वायरीचे वेगळे. कॅथ लॅबमध्ये खोके फोडले की त्यातला एक केसपेपरवर चिकटवतात. दुसरा तुमच्या डिस्चार्ज कार्डावर हवा. बिलावरचा नंबर, केसपेपरवरचा नंबर आणि कंपनीकडून मिळणाऱ्या ओळखपत्रावरचा नंबर, हे तिन्ही जुळवून पाहा. हे दोन मिनिटांचे काम आहे, पण पुढे कंपनीने एखादे मॉडेल परत बोलावले, वॉरंटीचा दावा करायचा झाला किंवा एमआरआय काढायचा झाला, तर सगळे त्या नंबरावर अडते. वॉरंटीचे कार्डही वाचावे: ती सहसा यंत्रापुरती असते, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर रुग्णालयाचा खर्च तीत येत नाही.

पहिल्या बिलानंतर

पेसमेकर एकदा बसवून संपत नाही. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे जाते, आयसीडीची त्याहून कमी. बॅटरी बदलणे म्हणजे अख्खी डबी बदलणे. वायरी चांगल्या असतील तर त्याच ठेवतात. म्हणजे दुसऱ्या खेपेला वायरींचे पैसे लागायला नकोत, आणि एस्टिमेटमध्ये ते दिसले तर कारण विचारायचे.

यावरून एक हिशेब मांडता येतो. समजा, एक डबी साठ हजारांची आणि आठ वर्षे चालणारी, दुसरी एक लाखाची आणि तेरा वर्षे चालणारी. वर्षाला पडतात ७,५०० आणि सुमारे ७,७००. आकडे सारखेच वाटतात, पण प्रत्येक बदलाबरोबर रुग्णालयाचे बिल आणि जंतुसंसर्गाचा धोका पुन्हा येतो, जो डबी बदलताना पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. पंचावन्न वर्षांच्या माणसाने लाखाची डबी घ्यावी. पंच्याऐंशी वर्षांच्या आजींसाठी साठ हजारांची पुरे. कंपनीने सांगितलेली वर्षे पूर्ण मिळतीलच असे नाही. यंत्र किती वेळा ठोका देते आणि किती जोराने देते यावर ती कमीजास्त होतात. बसवल्यावर पहिल्या तपासणीत ठोक्याचा जोर गरजेपुरता उतरवून घेतला की बॅटरीचे आयुष्य वाढते. म्हणून ती दोन-तीन महिन्यांनंतरची तपासणी चुकवू नये. पुढे सहा महिने ते वर्षाने एकदा. दर वेळी ‘बॅटरी किती राहिली?’ हे विचारून फाईलवर लिहून घ्यावे. बदलायची खूण यंत्र साधारण तीन महिने आधी दाखवते, तेव्हा पैशांची आणि मंजुरीची जमवाजमव करायला वेळ मिळतो.

घरातले पथ्य फार नाही. मोबाइल शर्टाच्या यंत्र असलेल्या बाजूच्या खिशात ठेवू नये, सहा इंच अंतर राखावे. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांची भीती नको. वेल्डिंगचा धंदा असेल तर ते डॉक्टरांना यंत्र निवडण्याआधीच सांगा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. दहनाच्या वेळी यंत्र शरीरात राहिले तर उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. मृत्यूनंतर रुग्णालयातून नेण्याआधी ते काढून घ्यायला सांगावे. काम दहा मिनिटांचे असते. असे काढलेले यंत्र कोणी ‘जवळजवळ नवे’ म्हणून स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. अमेरिकेतून दान आलेली, निर्जंतुक करून तपासलेली यंत्रे मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना मोफत बसवली गेली आहेत आणि त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत आले आहेत. पण ते रुग्णाला सगळे सांगून, संमतीने झालेले धर्मादाय काम होते. बाजारात पैसे घेऊन विकलेल्या जुन्या यंत्रामागे यातले काहीच नसते.

तक्रारीची वेळ आलीच तर दार नीट निवडा. एमआरपीपेक्षा जास्त घेतले असेल तर औषध किंमत नियंत्रक एनपीपीएचा क्रमांक १८०० १११ २५५. यंत्रच बिघडले, वायर तुटली, नको तेव्हा शॉक बसले, तर गाझियाबादहून चालणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे १८०० १८० ३०२४ वर रुग्णालाही कळवता येते. बिलाच्या वादासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत जोडायला फोड केलेले एस्टिमेट, अंतिम बिल, पावत्या आणि स्टिकर लावलेले डिस्चार्ज कार्ड लागते. यातला एखादा कागद रुग्णालयाने दिला नसेल तर आधी तो लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.